आक्काची आंब आणि साहेबाची मासळी

सोलापूर, ता. ५ डिसेंबर १९३४

आक्का,

इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. माझं पत्र आलं म्हटल्यावर तू भिंतीकडे तोंड करून बसशील हे मला ठाऊक आहे. पण तोंड फिरवलं म्हणून कान काही फिरत नाहीत. नारायणमास्तर वाचतील ते तुला ऐकू येईलच.

इकडे सगळं बरं आहे. तुझ्या भावजयीचा, सोजराचा, गुडघा तेवढा कुरकुरतो, आणि गुडघा गप्प बसला की ती स्वतः सुरू करते. मी अठ्ठावन्नाचा झालो. केस पिकले, अक्कल हिरवीच राहिली, असं तिचं म्हणणं.

दिवाळीला पाठवलेलं लुगडं परत आलं. घडीसुद्धा मोडली नाहीस. आमच्या पेटीत आता तुझी सात लुगडी झाली. सोजरा म्हणते, आणखी चार होऊ द्यात, मग इथल्या सात रस्ता चौकात दुकान टाकू.

आक्का, अकरा वर्षं झाली. तू आली होतीस, आणि माळीकामातून बढती मिळून गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यातली सामानाची कोठी माझ्या हातात आली म्हणून मी तुला हौसेनं ती दाखवायला नेलं. फळीवर ओळीनं लावलेल्या साहेबाच्या बाटल्या तू पाहिल्यास. घरी आल्यावर सोजरानं पाण्याचा तांब्या पुढे केला, तो तू ओठाला लावलास आणि तसाच खाली ठेवलास. घोट घेतला नाहीस. "आपल्या बापाला, आबांना, बाटलीनं नेलं, आता तूबी तिचीच चाकरी कर," एवढंच बोललीस आणि उन्हातून चालत ठेशन गाठलंस. आई गेल्यावर मला तू वाढवलंस, तेव्हा तुझा राग मी नाही सोसायचा तर कोणी सोसायचा? पण त्या बाटल्यांतला थेंब मी जिभेला लावलेला नाही, हे दर पत्रात लिहितो ते याही पत्रात लिहितो.

तो तांब्या सोजरा दर सोमवारी चिंचेनं घासते. संक्रांतीला सिद्धेश्वराचा गड्डा भरेल. साऱ्या मुलखाची माणसं जत्रेला सोलापुरात येतात, एक तू येत नाहीस. यंदा ये. आमच्या घरचं तांब्याभर पाणी पी. मला दुसरं काही नको.

आता एक बारीकसं काम. गेला पंधरवडा माझं पोट दुखतं. इथल्या औषधानं उतार नाही. लहानपणी माझं पोट दुखलं की तू हरभऱ्याची आंब पाजायचीस. आपल्या मोडनिंबच्या रानातला हरभरा आता फुलावर असेल. रात्री त्यावर धुतलेलं धोतर अंथरून पहाटे पिळलंस की वाटीभर आंबट पाणी निघतं, ते जरा बरं वाटण्याइतकं पाठवलंस तर उपकार होतील. बरं वाटण्याइतकं म्हणजे शेरभर तरी.

मास्तर, इथं थांबा. यापुढचं आक्काला वाचू नका, ते तुमच्यासाठी आहे.

माझं पोट उत्तम आहे. पण खरं कारण आक्काच्या कानावर गेलं तर आंब राहू द्या, माझं नावही ती घ्यायची नाही. गोष्ट अशी. आमच्या साहेबाकडे हॉक नावाची पांढरी दारू येते. जर्मनीत द्राक्षाची करतात, बोटीनं मुंबईला येते, तिथून आमच्याकडे. साऱ्या कॅम्पातल्या साहेबलोकांना हीच लागते. यंदा ती बोट वाटेत यंत्र बिघडून कुठल्याशा बंदरात अडकली. मुंबईचा व्यापारी लिहितो, माल नाताळानंतर मिळेल. कोठीत मोजून दोन बाटल्या उरल्या आहेत. आणि नाताळाला विलायतेहून गिरणीचा मोठा साहेब बायकोला घेऊन येतोय. पाच वर्षांपूर्वी तो आला होता तेव्हा आमच्या मडमनं त्याला भीमेची मरळ या पांढरीत शिजवून, वर साय घालून वाढली होती. तो अजून पत्रात त्या मासळीची आठवण काढतो म्हणे. उरलेल्या दोन बाटल्या पेल्यात ओतायला ठेवल्यात, मग मासळीत काय घालायचं? मडम मला म्हणाली, "रावजी, तू बघ." मीही मान डोलावून बसलो. अकरा वर्षांत तिनं माझ्यावर कधी आवाज चढवलेला नाही, तेव्हा नाही कसं म्हणणार?

आमचा खानसामा चांदसाब आणि मी, दोघं मिळून शोधाला लागलो. यातली गंमत ध्यानात घ्या. चांदसाबनं धर्मापायी ती कधी चाखली नाही, मी आक्कापायी. म्हणजे दोन आंधळे मिळून रंग निवडतायत. पहिल्या दिवशी तांबडी वाइन पाणी घालून फिकी करून पाहिली, मासळी होळी खेळून आल्यासारखी दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी शिंदी आणली, तर साय फाटली आणि वासानं मडम स्वतः स्वयंपाकघरात आली. लिंबू शिजवल्यावर कडू झालं. मग सिद्धलिंगप्पा वैद्यांकडून द्राक्षासव आणलं, म्हटलं द्राक्ष ते द्राक्षच. मासळी काढ्याच्या रंगाची झाली. मडमनं ताटलीकडे पाहून विचारलं, घरात कोण आजारी आहे?

चांदसाब कपाळाला हात लावून म्हणाला, "मछली नई मियाँ, दवाखाना हो गया ये. खट्टा होना, पन निंबू के सरीखा कडू नको. पानी के सरीखा साफ होना. मुँह में आया की गया, ऐसा होना."

मुँह में आया की गया. हे ऐकलं आणि मला पन्नास वर्षांपूर्वीची आक्काची वाटी आठवली. जिभेला चटका, मग गार, मग काहीच नाही. मास्तर, साऱ्या जगात तसं पाणी एकच. तेव्हा माझ्या पोटदुखीची तुम्ही आब राखा.

तुझा धाकटा,
रावजी


सोलापूर, ता. १३ डिसेंबर १९३४

आक्का,

तू मडकं पाठवलंस. अकरा वर्षांत तुझ्याकडून पहिली वस्तू आली. फडकं बांधलेलं, वर शेणानं लिंपलेलं मडकं दारात पाहिलं आणि सोजरानं त्याला आधी हळदकुंकू लावलं, मग आत घेतलं.

पण ते आणणारा जोतीराम मोटारवाला मात्र आत यायला तयार होईना. उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "मामा, आदी चमचा आना."

मी म्हटलं, "अरे बस, च्या घे, चमचा कशाला?"

"आक्कांनी शपत घातलीया. आपल्या डोळ्यांदेखत पाजून मगच ये म्हनल्यात. न्हायतर पुढच्या खेपंला माझ्या मोटारीत कुणाला बसू द्यायच्या न्हाईत."

"मी जेवणानंतर घेईन की."

"उपाशीपोटी म्हनल्यात."

"बाबा, मी आत्ताच भाकरी खाल्ली."

"मग बसतो हितंच. पचूं द्या."

सोजरा दारामागं पदर तोंडात कोंबून उभी होती. तिनं चांगला पळीएवढा चमचा आणून दिला. आक्का, घेतली. डोळ्यांत पाणी आलं, कानशिलं गरम झाली, आणि जोतीराम माझ्या नरड्याकडे बघत होता, गिळली की गालात धरली म्हणून. "उतरली," म्हणाला, आणि मग चहा प्यायला.

तेव्हापासून सोजरा मला नुसती पेज देते. म्हणते, "आक्कांना पोट दुखतंय म्हणून लिहिलंत की नाही? मग पथ्य नको?" स्वतः वांग्याचं भरीत करून समोर बसून खाते. चार दिवसांत माझी कंबर दोन बोटं बारीक झाली.

तुझ्या औषधानं खूप उतार आहे. पण दुखणं जुनाट असल्यानं आणखी एक मडकं लागेल असं वाटतं.

मास्तर, यापुढचं नेहमीप्रमाणे तुमच्यापाशी ठेवा.

जमलं, मास्तर. काल जमलं. चांदसाबनं लोण्यावर मरळ परतली, तिच्यावर दोन पळ्या आंब सोडली, ती आटू दिली आणि भांडं खाली उतरवून मग साय घातली. साय फाटली नाही. रंग पांढरा, वास स्वच्छ. आता चव कोण सांगणार? आम्ही दोघं जेवणघराच्या पडद्याआड उभे राहिलो. मला चव ठाऊक नाही, पण मडमचं तोंड मी अकरा वर्षं वाचतोय. अक्षरं मी कागदात बांधून आलेल्या मालाच्या रद्दीवर शिकलो आणि इंग्रजी बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवर. पण सगळ्यात पक्कं वाचन माझं या तोंडाचं. खरी हॉक घातली असली की पहिल्या घासाला ती काटा खाली ठेवते, वर पंख्याकडे बघते, आणि मग दुसरा घास घेते. नसली की बघायची ती ताटलीकडेच.

काल तिनं काटा खाली ठेवला. चांदसाबनं माझा हात दाबला. ती वर बघेना, खिडकीकडे बघायला लागली. आमचा जीव टांगणीला. मग सावकाश मान वर गेली, पंख्याकडे. चांदसाब पडद्याआडच पुटपुटला, "या अल्ला, बोट तो आ गई रे."

मडमनं बोलावून विचारलं, हे काय घातलंत? मी म्हटलं, आमच्या गावाकडचं दव. ती म्हणाली, दव? मी म्हटलं, हो, माझ्या बहिणीनं काढलेलं. एवढं खरं बोललो, मास्तर. निदान तिथं तरी.

तेव्हा नाताळापर्यंत आणखी एक मडकं हवं. आक्काला माझ्या पोटाचं काहीतरी करुण सांगा.

रावजी


सोलापूर, ता. २० डिसेंबर १९३४

आक्का,

मास्तरांचं कार्ड आलं. त्यात खाली बारीक अक्षरात त्यांनी लिहिलंय की आंब काढायला तू गडी लावत नाहीस, पहाटे स्वतः जातेस. औषधाची आंब परक्यानं काढली तर गुण येत नाही म्हणतेस, अनवाणी हरभऱ्यात शिरतेस, आणि आंबेनं तुझे पाय फुटलेत, टाचांतून रक्त येतंय.

आक्का, तू सदुसष्ट वर्षांची आहेस. हरभऱ्याच्या आंबेत दहा वर्षांचं पोर उभं राहिलं तरी पाय चुरचुरून नाचायला लागतं, मला आठवतंय. पुढं तू धोतर अंथरत जायचीस, मागं मी पाय उचलत यायचो, आणि तू म्हणायचीस, "नाच, नाच, गड्ड्यात नाच, चार पैकं मिळतील."

माझं पोट बरं झालं. पार बरं झालं. आजपासून आंब बंद. एक थेंब पाठवू नकोस. पायांना एरंडेल लाव आणि घरात बस. सोजरानंही पेज बंद केली, काल मी चार भाकरी खाल्ल्या, हवं तर जोतीरामाला विचार. त्याच्यासमोरच खाल्ल्या, त्यानं मोजल्यात.

मास्तर, तुम्हाला वेगळं काही लिहीत नाही. दुसरं मडकं आलं ते वाटेत निम्मं सांडून, त्यात आता जेमतेम वाटीभर आंब उरलीय आणि मोठा साहेब सोमवारी येतो. चांदसाब म्हणतो, "बहन को और एक बार बोलो की." त्याला म्हटलं, माझ्या बहिणीच्या टाचेचं रक्त काढून साहेबाची मासळी शिजवायची नाही. तो चूल फुंकत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सही बोल्या तुम." आता काय व्हायचं ते होवो. मडमला शब्द दिलाय खरा, पण मडम काही मला खांद्यावर घेऊन शेंगा खुडायला गेली नव्हती.

हे आक्काला वाचू नका, एवढं मात्र करा.

रावजी


सोलापूर, ता. २८ डिसेंबर १९३४

आक्का,

मास्तर, या खेपेला पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं वाचा. काही गाळू नका, काही मऊ करू नका.

आक्का, पाठवू नको म्हणून लिहिलं तरी रविवारी जोतीराम मडकं घेऊन आला. आधीच्या दोन्हींपेक्षा मोठं. मी विचारलं, "पत्र मिळालं न्हाई का आक्काला?" तो म्हणाला, "मिळालं की. मास्तरांनी वाचलं. मग आक्का उटल्या आनि दोन धोतरं घेऊन रानात गेल्या."

मी ते मडकं मांडीवर घेऊन पायरीवर बसलो. सोजरा आली, जवळ बसली. तिनं मडक्यावरचं फडकं नीट बांधलं. मग म्हणाली, "आता खरं लिहा. पोटदुखी पुरे."

तर खरं असं. माझं पोट दुखत नव्हतं. एक दिवसही दुखलं नाही. साहेबाची पांढरी दारू बोटीत अडकली, तिच्या जागी मासळीत घालायला आंबट पाणी पाहिजे होतं, म्हणून मी तुझ्याकडून आंब मागवली. तू मला औषध म्हणून काढलीस, पहाटे उठून, पाय फोडून घेऊन, आणि मी ती साहेबाच्या कढईत ओतली. ज्या चाकरीपायी तू माझं पाणी टाकलंस, त्याच चाकरीसाठी मी तुझ्या हातचं औषध वापरलं. याहून वाईट मला लिहिता येत नाही. येत असतं तर तेही लिहिलं असतं.

तिसरं मडकंही वापरलं, तेही सांगतो. नाही वापरायचं म्हणून ते कोठीत फळीवर ठेवलं होतं, बाटल्यांच्या शेजारीच. पण आंब ठेवून ठेवून उतरते, आणि तुझ्या पायांनी आणलेली आंब मोरीत ओतायला हात होईना. मग चांदसाबला म्हटलं, घे. वाया गेली तर जास्त पाप.

आता झालं ते सगळं ऐक, कारण तुझ्या मालाचं काय झालं हे तुला कळायला पाहिजे.

पंचवीस तारखेला टेबलावर चौदा माणसं होती. मासळी आली. मोठ्या साहेबानं पहिला घास घेतला आणि आमच्या साहेबाकडे बघून काहीतरी म्हणाला. आमच्या साहेबाचा चेहरा खुलला. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात उरलेल्या त्या दोन बाटल्या पेल्यांत ओतता ओतताच संपल्या. चौदा पेले, दोन बाटल्या, गणित काय करायचं? सात पेले कोरडेच राहिले आणि त्यात एक मोठ्या साहेबाच्या बायकोचा. मडमनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत "तू बघ" होतं.

चांदसाबनं पुडिंगासाठी बेदाणे रात्रभर भिजत घातले होते. त्यांचं पाणी फिकट पिवळं, अगदी हॉकच्या रंगाचं. ते मी गाळून घेतलं. फार गोड लागेल म्हणून त्यात तुझ्या आंबेचे थोडे थेंब टाकले आणि वरून गार सोडा. मोठ्या मडमच्या पेल्यात ओतलं आणि पडद्याआड जायचंही सुचलं नाही, तिथंच उभा राहिलो.

तिनं घोट घेतला. भुवया वर गेल्या. आणखी एक घेतला. मग पेला पुढे करून म्हणाली, आणखी. सगळ्यांसमोर विचारलं, ही कुठल्या द्राक्षमळ्याची? आमची मडम माझ्याकडे वळली. मला इंग्रजी येतं ते बाटल्यांवरचं, तेवढ्यावर मी म्हटलं, "मोडनिंब, मडम."

सगळे हसले, पण पेले पुढे येत राहिले. मोठ्या साहेबानंही आपली खरी पांढरी बाजूला ठेवून ही मागितली. अर्ध्या टेबलानं त्या दिवशी दारू न पिता नाताळ केला, आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून कोणी बसलं नाही.

आता बोट सुटली, पुढच्या महिन्यात माल येईल. मडम मला म्हणाली, रावजी, आली तरी बेदाण्याची ती आपण ठेवू. मी म्हटलं, मडम, ते माझ्या हातात नाही. ज्यांच्या हातात आहे त्यांना मी खोटं बोललोय.

आक्का, मी ती दारू चाखली नाही, हे खरं. पण तुझ्याशी खोटं बोललो, हेही खरं. आता तू गड्ड्याला ये म्हणून कोणत्या तोंडानं लिहू? लिहीत नाही. एवढंच कळव की पाय बरे झाले. तू नाही कळवलंस तरी मास्तर कळवतील, पण तू कळवलंस तर बरं वाटेल.

तांब्या सोजरानं आजही घासला. सोमवार नसताना.

तुझा,
रावजी


मोडनिंब, ता. ७ जानेवारी १९३५

रावजीला बजाबाईचा आशीर्वाद.

मी सांगती आन मास्तर लिवत्यात. मी सांगीन तसंच लिवा म्हनलंय, सुदारू नगा.

तुजं पत्र आलं. कबूल झालास, बरं केलंस, पर तुजी कबुली शिळी हाय. मास्तर दोन्ही येळा माज्याकडं जेवत्यात. हितल्या शाळंत आलं त्याच सालाला त्यास्नी सांगून ठिवलंय, कागदावर जेवडं हाय तेवडं समदं वाचायचं, न्हायतर भाकरी दुसरीकडं बगायची. तवापास्नं "हे आक्काला वाचू नका" हेबी ते मला वाचून दावत्यात. मोट्यानं.

(रावजी, क्षमा असावी. भाकरी खरोखरच फार चांगली असते. नारायण.)

तवा तुजं पोट दुकत न्हाय हे पयल्याच दिशी कळलं. आन कळाय कशाला पायजे? तुजं पोट कवाच दुकलं न्हाय. लहानपनी गुरांमागं जायचं आलं की तुला पोटदुकी व्हायाची. मलाबी ठावं व्हतं. आंब पाजायची ती खोटं बोलल्याची सजा ध्यानात ऱ्हावी म्हनून. जोतीरामालाबी त्यापायीच धाडला. तीन चमचं सांगितलं व्हतं. त्यो म्हनतो, तू एकच घेतलास. दोन ऱ्हायल्यात.

मग ठावं असून आंब का धाडली म्हनशील. अकरा वरसांत तू सात लुगडी धाडलीस. लुगडं काय, दुकानात मिळतं. एवडासा व्हतास तवा दिसाला धा येळा मागायचास, आक्का हे दे, आक्का ते दे. बाटल्यांची चाकरी लागली आन तुजं मागनंच सरलं. मी म्हनलं, ह्याला आता आपलं काय लागंना. म्हनून लुगडी परत. आवंदा मागितलंस. खोटं बोलून का हुईना, मागितलंस. मग मी पाय बगू का धोतर आंथरू?

पाय फुटल्याचं मास्तरांनी वाढवून लिवलं. दर साली फुटत्यात. बरं हायत.

तू नगं म्हनून लिवलंस, ते मास्तरांनी वाचलं, त्याच्याखाली त्या चांदसाबला जे बोललास तेबी वाचलं. म्हनून तिसरं मडकं मोटं धाडलं. त्याला माजा रामराम सांग. चूल फुंकत गप बसला म्हंजे मानूस बरा दिसतोय.

आंब मासळीवर घातलीस ते मला पटलं न्हाय. मी तुळशीची माळ घातलेली बाई. पर ती दारूच्या जागी बसली, आन त्या मोट्या सायबाच्या बायकूनं दुसऱ्यांदा मागितली, एवडं मास्तरांना तीनदा वाचाय लावलं. सायबबी आपला पेला सारून ही मागतो, मग ह्यात काय तरी हाय. आबांच्या येळंला हे कुनाला सुचलं असतं तर. आसू दे.

तू थेंब चाकला न्हाईस हे अकरा वरीस लिवतोस. चाकला असतास तर साऱ्या सोलापुरात त्या चवीचं पानी हुडकत हिंडला नसतास, सोता जीब लावून चव सांगितली असतीस. आता मला पटलं.

गड्ड्याला येती. जोतीरामाच्या मोटारीत पुढची जागा धरलीया. येताना आंब आनती, पर मोटारीच्या हिसक्यानं मडकं फुटतं, दोन खेपंला वाटंत निम्मी सांडली म्हनं. तवा तुज्या त्या रिकाम्या बाटल्यांतल्या दोन धाड, लांब मानंच्या, चांगल्या बुचाच्या. आदी राखंनं सात येळा घास. वास आला तर तुज्याच दारात फोडीन.

लुगडी सात हायत म्हनतोस. त्यातलं हिरवं असंल तर काडून ठिव, गड्ड्यात निसंन. बाकीची सोजराला दे. दुकान टाकू नगा म्हनावं.

आन तांब्या भरून ठिवा. सोजराला सांग, चिचंनं घासत जाऊ नगंस, पान्याला आंबूस वास ऱ्हातो. त्या दिशी ओटाला लावला तवाच कळलं व्हतं, पर सांगाय थांबली न्हाय. राखंनं घास म्हनावं.

बजाबाई